पिंपलची क्रीम मृगाला लावा, आरशात गणपतीला बघा

मागच्या जूनमधली गोष्ट. पाऊस नुकताच धरलेला, दुकानात गिऱ्हाईक नाही, मी एक्सपायरीचा माल वेगळा काढत बसलेले, तेवढ्यात एक मुलगा नखशिखांत भिजलेला आत आला आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. "ताई, ह्या परत घेतास काय? माझा तोंड भाजला." वय एकोणीस-वीस, मालवणच्या जेटीवरून किल्ल्यावर पर्यटक नेणाऱ्या होडीवर असतो, पावसात होड्या बंद म्हणून घरी. गालांची सालं निघालेली, नाकाच्या दोन्ही बाजूंना लालभडक, ओठांच्या कोपऱ्यात चिरा. ट्यूब बघितली तर पिंपलवरचं ॲडापॅलीन ०.१ टक्के जेल, स्किनच्या डॉक्टरनी लिहून दिलेली, आठ दिवसांपूर्वी माझ्याकडूनच नेलेली. पंधरा ग्रॅमची ट्यूब आणि आठ दिवसांत अर्धी संपलेली! म्हटलं अरे लावतोस तरी किती, तर त्याने बोटाचं पहिलं पेर धरून दाखवलं, तेवढी लांब रेघ, सकाळी एक आणि रात्री एक, वर जिथे मोठे पिंपल होते तिथे चोळून चोळून.

त्याची चूक म्हणावी तर चिठ्ठीवर 'रात्री, थोडी' असं लिहिलेलं होतं, पण डॉक्टरचं अक्षर ते डॉक्टरचं अक्षर, त्याला वाचता आलं नाही, आणि मी त्या दिवशी गर्दीत ट्यूब हातात देताना नुसतं "चेहऱ्याला लावायची" एवढंच बोलले. म्हणजे निम्मी चूक माझी. मग त्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि अर्धा तास जे सांगितलं तेच इथे लिहितेय, जरा पसरून. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेय आणि बरीच वर्षं काउंटरच्या मागे उभी आहे, त्यामुळे तुम्हाला कुठलं औषध ते तुमचा डॉक्टरच ठरवणार, पण हातात ट्यूब आल्यावर पुढचे तीन महिने काय होणार ते कुणीतरी नीट सांगायला हवं ना.

सगळ्यात आधी एक गोष्ट. ही क्रीम आज दिसणाऱ्या पिंपलवर फार काही करत नाही, पुढच्या महिन्यात जो येणार आहे त्याचा बेत ती आत्ताच हाणून पाडते. हे एवढं डोक्यात बसलं की कुठे लावायची, किती लावायची, कधी फरक पडणार, सगळ्याची उत्तरं आपोआप सापडतात.

मे संपत आला की आपण घराची पन्हळ साफ करतो, बरोबर? आंब्याफणसाची पानं सुकी असली तर वाऱ्याने उडून जातात, त्रास नाही, पण ओली झाली की एकावर एक बसून लगदा होतो, नळीचं तोंड बंद, पाणी तुंबतं, आणि तुंबलेल्या पाण्यात डास. चेहऱ्यावरचं प्रत्येक रंध्र अशीच एक बारीक नळी आहे. तिच्या तळाला तेलाची ग्रंथी असते, वयात येताना हार्मोनमुळे ती जोरात तेल बनवायला लागते. नळीच्या आतल्या भिंतीची जुनी कातडी कायम झडत असते, ती सुटी सुटी झडली तर तेलाबरोबर वाहून बाहेर येते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पण ज्यांना पिंपल येतात त्यांच्यात ही झडलेली कातडी जास्त बनते आणि एकमेकींना चिकटून बसते, ओल्या पानांसारखी, आणि नळीला बूच बसतं. हे पहिलं बूच इतकं बारीक असतं की आरशात दिसत नाही. त्याला मायक्रोकोमेडोन म्हणतात. तेच वाढून तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड (तो काळा रंग मळाचा नसतो, त्यामुळे घासून जात नाही, उगीच घासू नका), तोंड बंद राहिलं तर व्हाइटहेड. मग आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जंतू पोसतात, हे जंतू तसे सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतात, पण तुंबलेल्या जागी त्यांची चंगळ, आणि त्यावर शरीर चिडलं की सूज, लाली, पू. तो झाला तुम्हाला दिसणारा पिंपल. म्हणजे आज जो दिसतोय त्याचं बूच कितीतरी आठवडे आधीच बसलेलं असतं.

त्या मुलाचं ॲडापॅलीन हे रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन 'ए'च्या घराण्यातलं औषध. ते कातडीच्या पेशींच्या आत शिरतं, तिथल्या खास रिसेप्टरना (किल्लीसाठी कुलूप असतं तशा जागा) चिकटतं आणि पेशी कशी वाढणार, कशी झडणार याचीच चाल बदलतं. पानं परत सुटी पडायला लागतात. नवीन बूच बसत नाही, जुनं हळूहळू सैल होतं. सूजही थोडी उतरते. दुसरीकडे नुसतं अँटिबायोटिकचं जेल लावणं म्हणजे पन्हळ तशीच तुंबलेली ठेवून फक्त डासांचा धूर मारणं, चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच, वर जंतूंना त्या औषधाची सवय होते ती वेगळीच. म्हणून क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक एकटं लावत नाहीत, डॉक्टर बरोबर बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात, त्याची जंतूंना सवय लागत नाही. (बेन्झॉइल पेरॉक्साइड कपड्याचा रंग खातं. आमच्या घरात एक निळा टॉवेल आणि आईचा चांगला उशीचा अभ्रा त्यात गेलाय, आणि अभ्र्याचं मला अजून ऐकवलं जातं. पांढरा टॉवेल वापरा.)

नावांचा गोंधळ फार आहे, तो जरा सोडवते. आपल्याकडे पिंपलसाठी जास्त करून दोन रेटिनॉइड लिहितात, ट्रेटिनॉइन आणि ॲडापॅलीन. ट्रेटिनॉइन जुनं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचे अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये पिंपलवर त्याचा उपयोग छापून दाखवला, १९७१ मध्ये तिथे त्याला मंजुरी मिळाली. क्लिगमन माणूस वादातला, तुरुंगातल्या कैद्यांवर कातडीचे प्रयोग केले म्हणून पुढे त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. ट्रेटिनॉइन ०.०२५, ०.०५ आणि ०.१ टक्के अशा ताकदीत मिळतं. उजेडाने ते खराब होतं म्हणून रात्रीच लावायचं. ॲडापॅलीन नंतरचं, तिथे १९९६ मध्ये मंजूर झालेलं, उजेडात टिकतं, बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर एकाच ट्यूबमध्ये घातलं तरी बिघडत नाही, आणि चेहऱ्याची आग तुलनेने कमी करतं. म्हणून नवशिक्याला बरेच डॉक्टर त्यानेच सुरुवात करून देतात. अमेरिकेत ०.१ टक्केवालं ॲडापॅलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, ते व्हिडिओत बघून लोक माझ्याकडे येतात आणि भांडतात, पण आपल्याकडे ते चिठ्ठीचंच औषध आहे. टाझारोटिन म्हणून तिसरं एक आहे, जरा कडक. आणि ऑनलाइन मिळणारी रेटिनॉल सीरमं ही यांची लांबची चुलत बहीण, कातडीत गेल्यावर दोन पायऱ्या चढून मग कामाचं औषध होतात, त्यामुळे जोर कमी. पिंपलसाठी त्यावर पैसे घालवू नका असं माझं मत.

आता लावायचं कसं. रात्री साध्या फेसवॉशने तोंड धुवायचं, टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. मग थांबायचं. कातडी पूर्ण कोरडी व्हायला पाहिजे कारण ओल्या कातडीवर औषध जास्त आत जातं आणि जास्त झोंबतं, आणि आपल्या हवेत पावसाळ्यात काही म्हणता काही लवकर सुकत नाही, तर पंखा लावा आणि वीस मिनिटं तरी जाऊ द्या. मग वाटाण्याएवढी क्रीम. वाटाणा म्हटल्यावर आपल्याकडे सांबाऱ्यातला भिजून फुगलेला काळा वाटाणा डोळ्यासमोर येतो, तो नको, सुका धरा. तेवढ्यात अख्खा चेहरा. कपाळ, दोन गाल, हनुवटी, नाक असे पाच ठिपके द्यायचे आणि हलक्या हाताने पसरायचे. दिसणाऱ्या पिंपलवर टिकली लावल्यासारखी लावून काही होत नाही, कारण काम तर न दिसणाऱ्या बुचांवर आहे आणि ती सगळीकडे असतात. डोळ्यांच्या कडा, नाकपुडीच्या खाचा, ओठांचे कोपरे सोडायचे, औषध तिथे साचतं आणि कातडी पहिली तिथेच फाटते, ज्यांना त्रास होतो त्यांनी तिथे आधी थोडं व्हॅसलिन लावून ठेवावं. वाटाण्याच्या हिशोबाने वीस ग्रॅमची ट्यूब रोज रात्री लावली तरी दोन महिने आरामात जाते. तुमची दोन आठवड्यांत संपत असेल तर तुम्ही तोंड रंगवताय.

रोज लावायची घाई सुद्धा नको. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, किंवा आठवड्यातून तीनदा, कातडी ऐकायला लागली की वाढवायचं. फारच नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग औषध, मग परत मॉइश्चरायझर, असं सँडविच करतात, जोर थोडा कमी होतो पण माणूस टिकतो तरी. आणि हो, "इथे एवढी चिकचिक, मला कशाला मॉइश्चरायझर" हे मी रोज ऐकते. घाम म्हणजे ओलावा नव्हे हो. औषधाने कातडीचं वरचं कवच पातळ-कच्चं झालेलं असतं, आतलं पाणी उडून जातं, वर घाम आणि खाली कोरडी कातडी असं दोन्ही एकदम होतं, आणि ज्याला तेल वाटतं तो अजून दोनदा साबणाने तोंड धुतो आणि अजून भाजून घेतो. हलकं जेल टाइप, बाटलीवर 'नॉन-कोमेडोजेनिक' (म्हणजे रंध्रं बंद न करणारं) लिहिलेलं मॉइश्चरायझर घ्या. खोबरेल तेल मात्र चेहऱ्याला नको. मला माहितीये, आपल्या घरात जखमेपासून केसांपर्यंत सगळ्यावर तेच, माझी आजी तर पायाच्या भेगांना आणि निरांजनालाही एकाच बाटलीतलं घालायची, पण पिंपल येणाऱ्या चेहऱ्यावर ते रंध्रं बंद करायला मदत करतं. केसांना चोपडून झोपलात तर ते ओघळून कपाळावर येतं आणि बरोबर केसांच्या रेषेत बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. रात्री तेल, डोक्याला फडकं, सकाळी धुणं, एवढं तरी करा.

आता मृगाचं. फरक दिसायला बारा आठवडे, एवढं लक्षात ठेवा. मृग नक्षत्र लागतं ७ जूनच्या आसपास, तिथून बारा आठवडे मोजले की ऑगस्टचा शेवट येतो, म्हणजे गणपती दारात. ज्या दिवशी पहिल्यांदा क्रीम लावली तो मृग समजा, तुमचा गणपती बारा आठवड्यांनी. पेरलं की दुसऱ्या दिवशी कापणीला कोणी विळा घेऊन जात नाही, पण पिंपलच्या बाबतीत श्रावणात येऊन "ताई चतुर्थीला चाकरमानी येणार, आठ दिवसांत तोंड साफ होईल असं काहीतरी दे" हे दरवर्षी असतं. आठ दिवसांत या औषधाने तोंड फक्त सोलून निघेल.

पहिले दोन ते सहा आठवडे बहुतेकांचे वाईट जातात. कोरडेपणा, साल, लाली, तोंडाला पाणी लागलं तरी चुरचुर. काहीजणांचे पिंपल उलट वाढतात, त्याला लोक 'पर्जिंग' म्हणतात. पन्हळीत काठी घालून तुंबारा हलवला की पहिल्यांदा काळं पाणीच येतं, तसंच, आतली बुचं एकदम वर येतात. सगळ्यांना होतंच असं नाही. नेमका इथेच लोक सोडतात, मग चौथ्या महिन्यात परत सुरू करतात, परत सोलून निघतात, परत सोडतात, आणि मग सांगत फिरतात की मी सगळं करून बघितलं. अरे पण तुम्ही पहिला महिनाच तीनदा केलात! थोडी चुरचुर सहन करण्यातली असते, पण चेहरा सुजला, पाणी सुटायला लागलं, फोड आले, डोळे सुजले तर ते पर्जिंग नाही, औषध थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. माझ्या त्या होडीवाल्याला डॉक्टरनी फोनवर सांगितलं की पाच दिवस बंद, फक्त मॉइश्चरायझर, मग आठवड्यातून तीन रात्री वाटाणाभर.

त्याचं एक बरं होतं, त्याने पावसात सुरुवात केली होती. आपल्याकडे जून-जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली, माणूस उन्हात नाही. या औषधावर असताना ऊन जास्त लागतं, कातडी लवकर भाजते, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीला पिंपल गेल्यावर काळा डाग मागे ठेवायची खोड असतेच, त्यावर ऊन लागलं की तो डाग महिनोन् महिने बसतो. अर्धे लोक माझ्याकडे पिंपलसाठी नाही, त्या डागांसाठी येतात. म्हणजे पावसाची वाट बघत बसा असं अजिबात नाही, डॉक्टरनी दिलं त्या दिवशी सुरू करा, पण ज्यांचं काम समुद्रावर, बागेत, बाइकवर आहे त्यांना पावसात सुरू केलं तर ते पहिले वाईट आठवडे सोपे जातात हे मी बघितलंय. सनस्क्रीन मात्र आभाळ भरलेलं असतानाही. ढगातून उन्हातली यूव्हीए किरणं येतातच. एसपीएफ ३० किंवा वर, आणि कंजुषी इथे करू नका, वाटाण्याचा नियम रात्रीच्या क्रीमला, सनस्क्रीनला नाही. दोन बोटं भरून लागतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला. मुली येतात, मोबाईलवर कुणाच्या तरी ट्यूबचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, ही द्या, माझ्या मैत्रिणीचं तोंड पंधरा दिवसांत गोरं आणि साफ झालं. फोटो मोठा करून बघितला की आत तीन नावं: हायड्रोक्विनोन (कातडीचा रंग फिका करणारं), ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. ही तिकडी आली कुठून तर परत आपले क्लिगमन. १९७५ मध्ये त्यांनी आणि विलिस नावाच्या सहकाऱ्याने चेहऱ्यावरच्या गडद डागांसाठी हे मिश्रण मांडलं, त्यात डेक्सामेथासोन होतं. आज आपल्याकडे मिळणाऱ्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड वेगळं असतं, बहुतेक मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन. वांग असलेल्या माणसाला, डॉक्टरच्या नजरेखाली, मोजके आठवडे, असं ते औषध आहे. पिंपलवरचं ते नाही आणि गोरं व्हायची क्रीम तर नाहीच नाही. पण झालंय काय, इकडून-तिकडून कळतं की ट्रेटिनॉइन चांगलं, लोक दुकानात ट्रेटिनॉइन मागतात आणि हातात तिकडी पडते, कारण नाव तिच्यावरही छापलेलं असतं.

पहिले पंधरा दिवस खरंच छान दिसतं. स्टेरॉइड सूज दाबतं, लाली जाते, रंग उजळतो, आजूबाजूचे विचारतात काय लावतेस. आणि मग बंद केलं की आग, लाली, खाज, आणि पिंपल दुपटीने. परत लावलं की शांत. कळलं ना आता, सोडवत का नाही ते. महिने गेले की कातडी इतकी पातळ होते की गालावर लाल बारीक शिरा दिसतात, मुलींच्या तोंडावर लव वाढते, ऊन सहन होत नाही. हे इतकं वाढलं की आपल्या देशातल्या स्किनच्या डॉक्टरांनी त्याला स्वतंत्र नावच ठेवलं, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा अशा अर्थाचं, टीएसडीएफ म्हणतात. २०१८ मध्ये सरकारने कातडीला लावायची बरीच स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून शेड्यूल एचमध्ये टाकली. कागदावर टाकली. काउंटरवर काय चालतं ते मी रोज बघते, आणि आमच्याच धंद्यातली माणसं नको म्हटलेली ट्यूब हसत हसत काढून देतात याची मला लाज वाटते, मी नाही दिली तर गिऱ्हाईक सरळ पुढच्या दुकानात जाऊन घेतं आणि वर मला तिखट म्हणतं. एवढं एक करा, ट्यूब हातात आली की मागची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं आणि तुम्ही पिंपलसाठी आला असाल तर ती ट्यूब परत करा. आणि आधीच महिनोन् महिने लावत असाल तर घाबरून एका रात्रीत फेकू नका, डॉक्टरकडे जा, ते कसं सोडायचं ते सांगतात. आपल्याकडे स्किनचा डॉक्टर गाठायचा म्हणजे कुडाळ, सावंतवाडी, नाहीतर सरळ गोव्यातलं बांबोळीचं हॉस्पिटल, एक दिवस मोडतो हे खरं, पण जा.

बायकांसाठी एक वेगळं. गरोदर असाल, किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर रेटिनॉइड लावायचं नाही. आपल्याकडे लग्नं मे महिन्यात, मुलगी जानेवारीपासून क्रीम लावायला लागते, लग्न होतं, आणि ट्यूब बॅगेतून सासरी जाते, पुढचं कुणी विचारातच घेत नाही. क्रीम रक्तात फार थोडी जाते, नकळत लावली गेली असेल तर रात्रभर रडत बसू नका, बंद करा आणि डॉक्टरला सांगा. पोटात घ्यायची आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल ही मात्र पूर्ण वेगळी गोष्ट, नाव जवळजवळ सारखं आहे म्हणून लोक गफलत करतात. तिने पोटातल्या बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं, सुरू करायच्या आधी एक महिना, चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना दिवस राहता कामा नयेत. मैत्रिणीच्या उरलेल्या स्ट्रिपमधली तर कधीच नाही. गरोदरपणात पिंपलसाठी ॲझेलेइक ॲसिडसारखे पर्याय आहेत, डॉक्टर देतात. पाळी अनियमित, हनुवटीवर केस आणि जबड्याच्या कडेने पिंपल असं तिन्ही असेल तर नुसत्या क्रीमवर थांबू नका, पीसीओडीची (हार्मोन आणि अंडाशयाचा त्रास) तपासणी करून घ्या.

ब्यूटी पार्लरला जाताय तर सांगून जा. या औषधावर असताना तोंडाचं वॅक्सिंग केलं तर केसाबरोबर कातडी निघते, हे मी डोळ्यांनी बघितलंय, वरच्या ओठावर लाल पट्टा, तोही साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. स्क्रब, लिंबू, टूथपेस्ट, सगळं बंद. दिवाळीच्या उटण्यात तोंड वगळा, आई रागावली तरी.

हापूस खाल्ल्याने पिंपल येतात का, हा सीझनचा प्रश्न. 'आंबा उष्ण' वगैरे मी लहानपणापासून ऐकतेय. आंब्यानेच पिंपल येतात असं काही सिद्ध नाही, खूप गोड आणि मैद्याचं खाण्याचा आणि काहीजणांत दुधाचा संबंध दिसलाय, तो वेगळा मुद्दा. पण चीक खरंच वाईट. देठाचा चीक साध्या कातडीलाही भाजून काळा डाग पाडतो, इथे तर कवच आधीच कच्चं. आंबा धुवून, देठ कापून, मग चोखा.

आणि शेवटी, पिंपल दिसतंय ते पिंपलच असेल असं नाही. आपल्या दमट हवेत कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्या उठतात आणि त्या खाजतात, ब्लॅकहेड एकही नाही, तर ती बऱ्याचदा बुरशी असते, केसाच्या मुळात बसलेली. तिला रेटिनॉइडचा उपयोग नाही, अँटिबायोटिकने तर ती वाढते. गाठीसारखे खोल, दुखणारे, खड्डे पाडणारे पिंपल असतील तरी बारा आठवडे थांबायचं नाही, खड्डा एकदा पडला की क्रीमने भरत नाही.

तो मुलगा गणपतीच्या आधी परत आला होता. गाल स्वच्छ म्हणणार नाही, दोन-तीन बारीक होते आणि जुने डाग होते, पण नवीन मोठा एकही नव्हता. त्याला वाटलं झालं, आता बंद. म्हटलं डॉक्टरना विचार, पण बहुतेक ते चालूच ठेवायला सांगतील, बुचं बसायची थांबत नाहीत, पन्हळ दरवर्षी साफ करावीच लागते. तसंच झालं, कातडीला सवय झाली होती म्हणून डॉक्टरनी आता रोज रात्री लावायला सांगितलं आणि पुढे आठवड्यातून दोन-तीनदा. आता प्रश्न होड्यांचा, सप्टेंबरात परत सुरू होणार, दिवसभर ऊन आणि खारं पाणी. मी त्याला पाण्यात टिकणारं सनस्क्रीन दाखवलं, दर दोन तासांनी परत लावायचं, रुंद कडेची टोपी, गळ्यात गमछा. त्याने ट्यूब उलटसुलट केली, किंमत वाचली आणि म्हणाला, "ताई, ह्याच्यात तर बांगड्याची पाटी येतली." मग घेतली.